नकाशावरच्या रेषेच्या उजवीकडे

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वाहिन्यांवर मुंबई आणि अलिबागचीच चर्चा चालली होती. पण झोडपून निघालं ते श्रीवर्धन, म्हसळा आणि त्याखालचं मंडणगड, दापोली.

याचं कारण वादळाच्या रचनेतच आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातले वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. ‘निसर्ग’ ईशान्येकडे सरकत होतं. त्यामुळे मार्गाच्या उजव्या, म्हणजे दक्षिणेकडच्या अंगाला वारे समुद्रावरून थेट जमिनीवर घुसत होते, आणि वादळाच्या स्वतःच्या पुढे सरकण्याचा वेगही त्यांत मिळत होता. डाव्या अंगाचे वारे त्या मानाने सौम्य राहिले. मुंबई त्या बाजूला होती.

या वादळाचा माग चांगलाच काढला गेला होता. अरबी समुद्रात १ जूनला कमी दाबाच्या क्षेत्राचं डिप्रेशन झालं, २ तारखेला दुपारी चक्रीवादळ, ३ तारखेच्या पहाटे तीव्र चक्रीवादळ. आधी ते जवळपास सरळ उत्तरेला जात होतं, मग ईशान्येला वळलं. दूर समुद्रातल्या ढगांवर उपग्रहांची नजर असते. किनाऱ्याजवळ आल्यावर मुंबई आणि गोव्याच्या डॉप्लर रडारनी त्याची हालचाल टिपली. हवामान विभागाने भरतीच्या पातळीपेक्षा एक ते दोन मीटर उंच पाणी चढण्याचा इशारा दिला, हजारो माणसं वेळेत हलवली गेली. बहुतेक होड्या किनाऱ्यावर होत्या. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ आलं तेव्हा मासेमारीचा ऐन हंगाम होता आणि काही मच्छीमार परतलेच नाहीत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असे अरबी समुद्रातल्या वादळांचे दोन मोसम. दुसरा कोळीवाड्यांसाठी जास्त जीवघेणा, तो याचमुळे.

झाडांना मात्र हलवता येत नाही. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांमध्ये नारळ उन्मळले आणि उंच, सडपातळ पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मधूनच मोडली. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर इथल्या घरांचा वर्षाचा खर्च चालतो. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे एका दुपारच्या वाऱ्याने कितीतरी वर्षांचं उत्पन्न नेलं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. नुकसान सर्वात जास्त जिथे झालं, तिथली खबर बाहेर यायलाच उशीर लागला.

आणि अशी वादळं आता वाढताहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. तापत चाललेला समुद्र त्यांना ऊर्जा पुरवतो.

म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी हवामान विभागाचं पत्रक आलं, की फक्त केंद्राचा ठिपका पाहून थांबू नका. वादळ कुठल्या दिशेने सरकतंय ते बघा, आणि आपलं गाव त्या रेषेच्या उजव्या हाताला येत असेल, तर जिथे धडकणार असं सांगितलंय ते ठिकाण तीस-चाळीस किलोमीटर लांब असलं तरी वीज आणि फोन चालू आहेत तोवर घर सोडा.