व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही? आधी फोल्डरची कॉपी, मग दुरुस्ती

या आठवड्याच्या व्हिडिओसोबतचं हे पान. व्हिडिओ बघताना मोबाइलवर उघडं ठेवा, कामी येईल.

पोंभुर्ण्यासारख्या तालुक्याच्या गावात तुमचं कृषी केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा धानाची आडत असेल, तर हे चित्र ओळखीचं वाटेल. नवीन कॉम्प्युटर आला, त्यात नवीन विंडोज. पण जुन्या हंगामांचा हिशोब, गिऱ्हाइकांची उधारी, श्री-लिपीत टाइप केलेले करारनामे, हे सगळं विंडोज एक्सपीवरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. मग कोणीतरी व्हर्च्युअलबॉक्स टाकून दिलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. दोन-तीन वर्षं सुरळीत चाललं. आणि एका सकाळी स्टार्ट दाबलं, तर नुसती एरर.

अशा वेळी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मशीन सुरू होत नाही म्हणजे डेटा गेला, असं नाही. डेटा जातो तो बहुतेक वेळा नंतरच्या घाईत. आणि तो जाऊन चालत नाही. जीएसटी नोंदणी असेल, तर कायद्याच्या कलम 36 प्रमाणे त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने हिशोब जपावा लागतो. उधारीची वही तर त्याहून महत्त्वाची, ती दुसरीकडे कुठंच नसते.

पहिलं काम: कॉपी

एररचा मोबाइलवर फोटो काढा. व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद करा. मग तुमच्या युजर फोल्डरमध्ये "व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स" नावाचं फोल्डर शोधा. आत तुमच्या मशीनच्या नावाचं फोल्डर असतं. त्यात एक छोटी "व्हीबॉक्स" फाइल असते, ती दुकानाची पाटी समजा. आणि एक मोठी "व्हीडीआय" फाइल असते, ती तिजोरी. तुमचा सगळा हिशोब त्या तिजोरीत आहे. मशीनचं ते आख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.

पेन ड्राइव्हवर जागा असूनही "फाइल खूप मोठी आहे" असं म्हणतंय? मग तो पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा आहे. त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्यातलं सामान आधी काढून ठेवा, कारण फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं.

कॉपी झाली? आता खालची कारणं क्रमाने तपासा. एका वेळी एकच बदल करा, आणि काय बदललं ते कागदावर लिहा.

1. व्हीटी-एक्स बंद असल्याची एरर

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही सोय 2005 पासून यायला लागली. व्हर्च्युअलबॉक्सच्या 6.1 आवृत्तीपासून तिच्याशिवाय कोणतंच मशीन सुरू होत नाही. तुम्ही म्हणाल, कालपर्यंत तर चालत होतं, मग आज बंद कशी झाली?

स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख बघा. वर्ष भलतंच जुनं दिसतंय? बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतेय? मग मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर2032, संपला असण्याची दाट शक्यता आहे. रोज रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या दुकानात हा सेल लवकर संपतो, कारण लाइन नसताना बोर्डाचं घड्याळ त्याच्यावरच चालतं. सेल संपला की बायोसच्या सेटिंग्ज कंपनीच्या मूळ जागी जातात, आणि बऱ्याच बोर्डांवर तिथे ही सोय बंद असते.

कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, सेल बदला. सुरू करताना डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये जा. इंटेल असेल तर "इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी", एएमडी असेल तर "एसव्हीएम मोड" हे एनेबल करा, तारीख नीट करा, सेव्ह करून बाहेर या. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

झालं की नाही ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. परफॉर्मन्स, मग सीपीयू. तिथे "व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड" आलं पाहिजे.

2. विंडोज अपडेटनंतर बंद पडलं

व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड आहे, तरी मशीन चालत नाही, किंवा खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं आणि मशीनही कासवासारखं चालतं. म्हणजे विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही मध्ये आलंय. "विंडोज फीचर्स" मध्ये हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढा, रीस्टार्ट करा. तरी नाही झालं, तर कोअर आयसोलेशनमधलं "मेमरी इंटेग्रिटी" बघा. पण ते सुरक्षेसाठी असतं, म्हणून ते बंद करणं शेवटी ठेवा.

3. डिस्क भरली

व्हीडीआय फाइल वापरासोबत फुगत जाते. सी ड्राइव्ह भरला की मशीन मध्येच थांबतं. डाउनलोड्स आणि रीसायकल बिन रिकामं करा. पण मशीनच्या फोल्डरमधलं "स्नॅपशॉट्स" हे फोल्डर जागा करायला कधीच उडवू नका. स्नॅपशॉट घेतला असेल, तर त्यानंतरचा सगळा हिशोब त्याच फोल्डरात असतो.

4. चालू असताना लाइन गेली

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं. तरी पावसाळ्यात जंगलातल्या तारेवर फांदी पडली की आपलं दुकान अंधारात. अशा वेळी मशीन अर्धवट स्थितीत अडकतं.

आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मागे अडकलेली प्रोसेस निघून जाते आणि बरेचदा तेवढ्यानेच काम होतं. मशीनपुढे "सेव्ह्ड" लिहिलंय आणि ते उघडत नाहीये, तर "डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट" करा. त्याने फक्त त्या वेळी उघडं असलेलं, सेव्ह न केलेलं काम जातं. तिजोरी तशीच राहते. मशीन "इनअॅक्सेसिबल" दिसत असेल, तर पाटीची फाइल खराब झाली असेल. त्याच फोल्डरात शेवटी "प्रीव्ह" लिहिलेली तिची मागची प्रत असते. खराब फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि या प्रतीला मूळ नाव द्या.

हे मात्र करू नका

मशीन यादीतून काढताना व्हर्च्युअलबॉक्स विचारतं: फक्त यादीतून काढू, की सगळ्या फाइल्स डिलीट करू? दुसरं बटण दाबलं की तिजोरीच गेली. आणि मूलला किंवा चंद्रपूरला दुरुस्तीवाल्याकडे गेलात आणि तो म्हणाला, "भाऊ, फॉरमॅट मारावं लागते," तर एवढंच सांगा: "आधी माझं व्हर्च्युअलबॉक्सचं फोल्डर बाहेर काढून दाखवा, मग मारा."

मशीन सुरू झाल्यावर

तिथे थांबू नका. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, म्हणून त्या मशीनला इंटरनेट देऊ नका. जुने खाते-उतारे प्रिंट करून फाइलला लावा. महिन्यातून एकदा मशीन नीट शटडाउन करून फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुकानात नको, घरी ठेवा. कॉम्प्युटरसाठी छोटा यूपीएस घ्या, आणि सेल बदलला त्या दिवशीची तारीख कॅबिनेटवर चिकटवा.

आजच एक काम करा. मशीन चालू आहे तोवरच ते फोल्डर कुठे आहे ते शोधून ठेवा. बंद पडल्यावर शोधायला बसलात, तर गिऱ्हाईक समोर उभं असतं.