बुटात भरलेलं गवत

जुलै महिना. मूल शाळेतून चिंब भिजून येतं, बूट दाराशीच काढतं आणि आई कालचं वर्तमानपत्र चुरगाळून त्यांत कोंबते. कागद पाणी शोषतो, बुटाचा आकारही बिघडत नाही. ही काळजी किती जुनी असेल?

आर्मेनियात अरेनी गावाजवळच्या गुहेत २००८ मध्ये चामड्याचा एक बूट सापडला. वय सुमारे साडेपाच हजार वर्षं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षाही जवळपास हजार वर्षांनी जुना. गाईच्या कातड्याचा एकच तुकडा पायाभोवती गुंडाळायचा, भोकं पाडायची आणि चामड्याच्याच वादीनं आवळायचा, अशी त्याची घडण. बूट उजव्या पायाचा, लांबी साडेचोवीस सेंटिमीटर. गुहा थंड आणि कोरडी, वर मेंढ्यांच्या लेंड्यांचा जाड थर. म्हणून तो कुजला नाही. त्याच्या आत गवत भरलेलं होतं. ते उबेसाठी असेल किंवा आकार टिकावा म्हणून, अशा दोन्ही शक्यता संशोधकांनी मांडल्या.

पादत्राणांचा उगम मात्र याच्याही फार मागे जातो. चामडं, साल, गवत सगळं मातीत मिसळून जातं. मग माग काढायचा कसा? मानवशास्त्रज्ञ एरिक ट्रिंकॉस यांनी तो पायाच्या हाडांत शोधला. अनवाणी चालणाऱ्याची लहान बोटं पावलागणिक जमीन पकडतात, त्यामुळे त्यांची हाडं दणकट होतात. पायाखाली पादत्राणाचा तळ आला की हा ताण कमी होतो आणि हाडं नाजूक राहतात. चीनमधल्या तियानयुआन गुहेत सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची अशी नाजूक हाडं मिळाली. त्यावरून तो पायात काहीतरी घालत असावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. प्रत्यक्ष हाती लागलेली सर्वांत जुनी पादत्राणं अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली. फोर्ट रॉक गुहेत १९३८ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली झुडपाच्या सालीच्या दोऱ्यांनी विणलेल्या डझनावारी चपला सापडल्या. त्या नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत.

पाय भाजू नये, काटा रुतू नये, ही झाली गरज. तिच्यात हौस आणि मान कधी मिसळले, हे सांगणं अवघड. पण इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्यापर्यंत येता येता ते मिसळलेले दिसतात. त्याच्या एका पादत्राण-जोडीच्या तळव्यावर जखडलेले शत्रू चितारले आहेत. राजा जिथे पाऊल टाकेल, तिथे शत्रू पायदळी!

तरी मला राजाच्या जोडीपेक्षा अरेनीचा तो बूट जवळचा वाटतो. त्याची टाच आणि चवड्याखालची बाजू झिजलेली आहे. तो मिरवायचा नव्हता, रोज वापरायचा होता. आपल्याकडे पावसाळा लागला की कोल्हापुरी चप्पल पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर जाते. गवत आकारासाठीच भरलं असेल, तर त्या माणसालाही तो झिजलेला बूट टाकवला नव्हता. तो पुन्हा पायात घालायचा होता.