प्रस्तावांची छाननी : यंत्राचे काम आणि माणसाचे काम

वैद्यकीय संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीवर, म्हणजेच आपल्या नेहमीच्या बोलण्यातील ‘एथिक्स कमिटी’वर, मी काही वर्षे काम करीत आहे. पूर्वी प्रत्येक प्रस्तावाच्या डझनभर प्रती आणि त्या सभासदांच्या घरी पोहोचविणारा शिपाई, असा थाट असे. आता प्रस्ताव संगणकावरच दाखल होतात. क्रमांक आपोआप पडतो, पोच मिळते, कागद राहिला असल्यास अर्जदाराला तत्काळ कळते, सभासदांना मुदतीची आठवणही होते. फाईल हरवणे किंवा ओळखीच्या माणसाची फाईल आधी सरकणे, हे प्रकार त्यामुळे आटोक्यात आले. ही सोय स्वागतार्हच आहे.

परंतु आता छाननीही यंत्रावर सोपवावी, असा विचार पुढे येत आहे. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, संभाव्य धोका पाहून प्रस्तावाला परीक्षणातून सूट द्यावी, त्याचे त्वरित परीक्षण करावे की तो पूर्ण समितीपुढे ठेवावा, हे ठरते. हे वर्गीकरण यंत्राला सहज जमेल, असे वरवर वाटते.

येथे एक अनुभव सांगतो. मधुमेहावरील औषधाच्या चाचणीचा एक प्रस्ताव आला होता. यादीतील प्रत्येक रकान्यापुढे बरोबरची खूण होती. कन्नड आणि मराठी संमतिपत्रकेही जोडलेली होती. आमच्या समितीवर सामान्य नागरिकांच्या प्रतिनिधी म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, ‘यादृच्छिक विभाजन’ म्हणजे काय हो?’’ कोणाला कोणते औषध मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, असे मी सांगितले. ‘‘मग तसेच लिहायला सांगा ना! नाहीतर आपल्यासाठी डॉक्टरांनीच विचार करून औषध निवडले, असे पेशंट समजेल.’’ पत्रक परत गेले आणि सोप्या मराठीत लिहून आले.

माणसांचा निवाडा नेहमीच अचूक असतो, असे मात्र नव्हे. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने २०१३ पासून एका प्रकारच्या संशोधन-अनुदानासाठी पात्र प्रस्तावांतून सोडत काढण्याची पद्धत स्वीकारली. तथापि तेथेही पात्रता आधी परीक्षकच वाचून ठरवितात.

आपल्या मार्गदर्शक तत्त्वांनी गणपूर्तीसाठी किमान पाच सभासद आणि त्यांत वैद्यकेतर व्यक्तीही आवश्यक मानल्या आहेत, त्यामागील कारण मला त्या दिवशी नीट उमगले. पत्रक जोडले आहे की नाही, हे यंत्र खुशाल पाहो. ते रुग्णाला कळेल का, हे त्याच्यासारख्याच कोणीतरी वाचून सांगायला हवे. म्हणून या स्मरणिकेच्या डॉक्टर नसलेल्या वाचकांना माझी विनंती आहे : अशा समितीचे निमंत्रण आल्यास ‘आम्हाला त्यातले काय कळते’ म्हणून ते नाकारू नका.