मागच्या चाकाचा पत्रा आणि आपले अंगण

रविवारी सकाळी अंगणात गाडीचे चाक खोलून बसणारे यजमान किंवा चिरंजीव पुष्कळ घरांत असतात. "मागच्या चाकातून खरखर येतेय, तो आतला पत्राच काढून टाकतो. त्यात काय मोठंसं?" असे म्हणून ते पाना हातात घेतात आणि आपण चहा ठेवायला आत जातो. काम त्यांचे खरे. पण अंगण आपले, धुणे आपले आणि मुलेही तिथेच घोटाळणारी! म्हणून यातल्या चार गोष्टी आपल्यालाही ठाऊक हव्यात.

हा पत्रा म्हणजे ब्रेकच्या तबकडीमागचे पातळ झाकण. चिखल, पाणी, खडे तबकडीवर उडू नयेत म्हणून ते असते. मध्ये खडा अडकला किंवा पत्रा वाकून तबकडीला घासू लागला की खरखर होते. पुष्कळदा खडा काढून पत्रा जरा सरळ केला की भागते. गंजून चाळण झाली असेल, तर जुना काढून नवा बसवावा. नुसता काढून मोकळे होऊ नये. पुष्कळ लहान गाड्यांना मागे तबकडी नसतेच, ड्रम असतो. त्यामागची जाड पाटी म्हणजे नुसते झाकण नव्हे. ब्रेकचे सामान तिच्यावरच बसवलेले असते. ती काढायची तर ब्रेकऑइलची नळी सोडवावी लागते, मग नळीतली हवा काढावी लागते. ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कुणालाही खाली वाकू देऊ नका. सपाट, टणक जमिनीवर लोखंडी स्टँडचा टेकू हवाच. विटांची चवड नको. वीट वजनाने फुटते. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच लागतो. ती चाके वर उचलली की त्याचा आधार गेला! म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आधीच लावावेत.

आता खरी काळजीची गोष्ट, ती काळी भुकटी. ब्रेकच्या लायनिंगमध्ये पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस वापरीत. आता त्याविना बनवलेली मिळतात, पण जुन्या गाडीत कोणती आहेत हे नुसते पाहून कळत नाही. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासातून गेले तर कर्करोग होऊ शकतो, आणि तोही कित्येक वर्षांनी उद्भवतो. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाऊस आणि थॉम्पसन यांनी फुप्फुसाच्या व पोटाच्या आवरणाच्या अशा कर्करोगाचे रुग्ण तपासले. त्यांत काही स्त्रिया अशा होत्या, की त्या स्वतः कधी ॲस्बेस्टॉसच्या कामावर गेल्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याचे कामाचे कपडे तेवढे धुतले होते! कारखान्यातली रोजची धूळ आणि रविवारचे एक चाक यांत अंतर आहे. तरी सावध राहायला खर्च कसला?

भुकटी फुंकू नये, झटकू नये, कोरड्या केरसुणीने झाडू नये. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून ती भिजवावी, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि फडके पिशवीत घट्ट बांधून टाकून द्यावे. नाकावरच्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. मुलांना तेवढा वेळ दूर ठेवावे. कामाचे कपडे न झटकता थेट पाण्यात बुडवावेत आणि वेगळे धुवावेत.

सगळे जोडून गाडी खाली उतरवली, की निघण्यापूर्वी ब्रेकचे पेडल चांगले टणक लागेपर्यंत दाबून पाहायला सांगा. पहिली फेरी सावकाश, रहदारी नसलेल्या रस्त्यावर मारायची. पेडल खाली जाते आहे असे वाटले, तर गाडी जागेवरून हलवू देऊ नका; मेकॅनिकलाच घरी बोलवा.