चाळणीवरचा दाब

१८५१ साली हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप तयार केला आणि जिवंत डोळ्याचा तळ माणसाला नीट दिसू लागला. बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी काचबिंदू झालेल्या डोळ्यांत पाहिलं, तेव्हा डोळ्याच्या तळाशी दृष्टीच्या नसेचं तोंड त्यांना फुगून वर आल्यासारखं वाटलं. पुढं काही वर्षांतच हाइनरिश म्यूलर यांनी अशा डोळ्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तिथं उंचवटा नव्हताच, खड्डा होता.

खड्डा नेमका तिथंच का पडतो?

डोळ्याच्या पुढच्या भागात, रंगीत पडद्यामागे, एक स्वच्छ द्रव सतत झरत असतो. मिनिटाला जेमतेम अडीच मायक्रोलिटर. औषधाच्या बाटलीतून पडतो तेवढा थेंब साठायला वीसेक मिनिटं लागावीत, इतका सावकाश. तेवढाच द्रव एका जाळीदार वाटेनं रक्तात परत जातो. ही वाट तुंबू लागली की डोळ्यातला दाब वाढतो.

हा दाब आतून सगळीकडे सारखाच पडतो, पण डोळ्याची भिंत सगळीकडे सारखी मजबूत नसते. मागच्या बाजूला, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीच्या जागेत, दृष्टिपटलावरचे दहा लाखांच्या आसपास तंतू गोळा होतात, काटकोनात वळतात आणि नस बनून मेंदूकडे निघतात. त्यांना वाट तर हवी, पण नुसतं भोक ठेवून चालणार नाही. म्हणून तिथं कोलॅजनची चाळणी आहे: शेकडो छिद्रांची, थरांवर थर असलेली, प्रत्येक छिद्रातून तंतूंची एक जुडी. दाब वाढला की ही चाळणी मागे वाकते, छिद्रांचा आकार बिघडतो आणि आतले तंतू आवळले जातात. तिथल्या रक्तपुरवठ्यालाही झळ पोचते.

आणि हे तंतू नुसते संदेश वाहत नाहीत. पेशी दृष्टिपटलात, तिचं टोक मेंदूत. या दोन टोकांमध्ये पोषक द्रव्यांची ये-जा अखंड चालू असते. १९७० च्या दशकात माकडांच्या डोळ्यांतला दाब वाढवून पाहिलं, तर ही वाहतूक बरोबर चाळणीपाशी अडलेली आढळली. मेंदूकडून येणारी रसद तुटलेली पेशी हळूहळू मरते. तिच्या जागी नवी येत नाही.

मला सर्वांत थक्क करते ती नुकसानीची आकृती. चाळणीच्या वरच्या आणि खालच्या भागात छिद्रं मोठी, आधार विरळ. तिथून जाणारे तंतू दृष्टीच्या केंद्राला वळसा घालून आलेले असतात, म्हणून अंधही बऱ्याचदा आधी तेवढाच कमानीसारखा पट्टा होतो. डेन्मार्कच्या यानिक ब्येरुम यांनी १८८९ मध्ये या कमानीचं वर्णन केलं. मधली नजर शाबूत असल्यामुळे रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळही वाचतो. रिकामी जागा काळी दिसत नाही. मेंदू ती आजूबाजूच्या दृश्यानं भरून काढतो. दुखत बहुधा काहीच नाही.

१० ते २१ मिलिमीटर पारा हा दाब सर्वसाधारण धरतात. पण त्याच्या आत दाब असूनही काहींची नस पोखरते. चाळणीच्या पलीकडून मेंदूभोवतालच्या द्रवाचाही दाब असतो. दोन्हींतला फरक कदाचित चाळणीला जास्त जाचत असावा. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. नसेचं तोंड पाहावं लागतं, दृष्टिक्षेत्र तपासावं लागतं.

उपचारानं मात्र डोळ्यातलाच दाब उतरवता येतो, आणि तेवढ्यानंही फरक पडतो. अमेरिकेत दाब वाढलेल्या, पण नस अजून शाबूत असलेल्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत दाब उतरवणारे थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला. थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना.