अडीच हात जागेतलं शिवण

घर लहान आहे, तेव्हा शिलाई मशीनचा विचारच नको, हा समज ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तर अगदी पटण्यासारखा वाटतो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली, त्यावरून लष्कर हेच नाव वस्तीला पडलं आणि मराठी घराण्यांचे वाडे उभे राहिले. त्या वाड्यांच्या वाटण्या होऊन दोन-तीन खोल्यांत संसार आलेला असेल, तर शिवणाला स्वतंत्र खोली आणायची कुठून? पण ती लागते हे गृहीतकच तपासून पाहावं. शिवणात बेतणं, शिवणं आणि इस्त्री ही तीन कामं जागा मागतात, आणि ती एकामागून एक होतात. तिन्हींची जागा एकदम मोजली म्हणून हिशेब खोलीएवढा फुगतो. पायमशीनचं टेबल साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद असतं. साडेपाच मीटरच्या साडीला फॉल लावतानाही सुईखाली एका वेळी वीतभरच कापड असतं.

बेतायला मात्र मोठं टेबल हवंच, असं म्हणतात. इथेही मोजूनच पाहावं. ४४ इंच पन्ह्याचं कापड बेतताना दुमडतात, म्हणजे रुंदी उरते २२ इंच. मीटरभर ब्लाउजपीस म्हणजे ३९ इंच लांबी. चार फूट बाय दोन फुटांच्या सपाट फळीवर हे आरामात मावतं, सलवार-कुडत्याचा कुडताही बसतो. मशीन टेबलाच्या आत दुमडणारं असेल तर तीच फळी त्या टेबलावर आडवी टाकावी आणि काम झालं की कपाटामागे उभी करावी. जमिनीवर बसून बेतण्याची सवय असणाऱ्यांना हे अनावश्यक वाटेल. एखाददुसऱ्या कपड्यापुरतं ते ठीक आहे, पण रोज तासन्‌तास वाकण्याचा हिशेब पाठ आणि गुडघे मांडतात. फळीवर सुती चादर अंथरली तर चंदेरीसारखं निसरडं कापडही जागेवर राहतं. चंदेरी गाव जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलंच, त्यामुळे हे कापड इथल्या घरांत नवं नाही, आणि कात्रीखाली ते किती सरकतं हेही नाही.

खरी चूक होते ती मशीन कुठे ठेवायचं या प्रश्नावर. रिकामा असेल त्या कोपऱ्यात ते ढकललं जातं. मशीनची रचना पाहा: चाक आणि खांब उजवीकडे, सुई डावीकडे. उजवीकडून उजेड आला तर खांबाची सावली नेमकी सुईवर पडते, डावीकडून आला तर टाका स्वच्छ दिसतो. शिवताना कापडाचा मोठा पसाराही डावीकडेच राहतो. म्हणजे दोन्ही कारणांनी डावी बाजू मोकळी हवी. उजवीकडे चाकाला हात फिरेल एवढं अंतर ठेवून भिंत आली तरी चालते. खिडकी उत्तरेची असेल तर फारच उत्तम. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या वर, साधारण २६ अंशांवर आहे, म्हणून भर दुपारी सूर्य इथे कधीच उत्तरेला नसतो. त्या खिडकीतून दिवसभर सारखा, मऊ उजेड मिळतो. पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्याच्या दुपारी बसणं अशक्य, आणि ठेवलेल्या कापडाचा रंगही उडतो.

यावर आक्षेप येतो की खिडकीशी मशीन ठेवलं तर लू आणि धूळ थेट आत शिरेल. हा आक्षेप खरा आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या दिवसांत धूळ तेलात मिसळून मशीनच्या आत चिकट थर धरते. म्हणून काम संपताच झाकण घालावं, सुईखालची पट्टी काढून ब्रशने कापडाचे तंतू झाडावेत आणि त्या महिन्यांत सकाळीच शिवायला बसावं. वाड्याच्या खिडकीला काच नसून लाकडी दारं असतील, तर ती लावून घेऊन डाव्या बाजूला टेबललॅम्प ठेवणं जास्त शहाणपणाचं.

तेलाबद्दलचा समज तर मशीनचं आयुष्यच कमी करतो. घरात आहे ते खोबरेल घातलं की झालं, असं अनेकांना वाटतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि ग्वाल्हेरला जानेवारीच्या रात्री पारा सात अंशांच्या आसपास येतो. सकाळी मशीन जड चालतं तेव्हा दोष मशीनचा नसतो. शिलाई मशीनचं पातळ, पारदर्शक तेल स्वस्तात मिळतं, तेच घालावं.

मोटरचं मशीन वीज खातं, हा समजही आकड्यांपुढे टिकत नाही. घरगुती मोटर साधारण १०० वॅटची, म्हणजे दहा तासांच्या शिवणाला एक युनिट. हजार वॅटची इस्त्री तासभर सलग तापली तर तेवढीच वीज घेते. काळजी घ्यायची ती इस्त्रीची. जुन्या वायरिंगच्या घरात मशीन, दिवा आणि इस्त्री एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नयेत, इस्त्रीला भिंतीतला वेगळा पॉइंट द्यावा. इस्त्री शेवटी एकदाच फिरवायची असते हेही खरं नाही, प्रत्येक शिवण दाबत गेलं तरच गळा आणि बाही नीट बसतात. त्यासाठी बेतण्याच्याच फळीवर जाड चादरीची घडी टाकली की पुरतं.

बाहेरची शिलाई घेणाऱ्या बाईला मात्र हा हिशेब थोडा अपुरा पडतो. ट्रायलला आडोसा, शिवून झालेले कपडे टांगायला दांडी आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाला नाव लिहिलेली वेगळी पिशवी, एवढं तिला लागतंच. आडोसा पडद्याने होतो आणि दांडी दारामागे बसते.