परगावी व्यापाऱ्याने जेवावे कुठे?

कापडाच्या धंद्यात फिरतीशिवाय ऑर्डर नाही आणि वसुलीही नाही. आम्ही कापडवाले परगावी गेलो की लॉज पाहतो, परतीच्या गाडीची वेळ पाहतो; जेवण मात्र बसस्टँडसमोर जे मिळेल ते उरकतो. यात पैसा जातो, पोट बिघडते आणि त्या गावच्या बाजाराची खबर मिळायची राहते. हे तिसरे नुकसान सर्वांत महाग पडते, कारण आपला माल त्याच बाजारात उधार गेलेला असतो.

हिंगोलीचे उदाहरण घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. निजामाच्या काळात हिंगोलीत लष्करी छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे त्याचीच निशाणी. या भागाच्या दस्तरखानावरही दोन्ही वळणे आढळतात. एकीकडे ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा. दुसरीकडे हैदराबादी पद्धतीची खट्टी डाळ, बघारा चावल, दालचा. अंबाडीची भाजी तर दोन्हीकडची. कोणी ती डाळीत शिजवतो, कोणी गोश्तात.

हे जेवण सापडावे कसे? पाटी पाहून सापडत नाही. मोंढ्यातला हमाल, मापाडी, ट्रान्सपोर्टचा मुनीम यांना विचारावे. ही मंडळी रोज स्वतःच्या खिशातून जेवतात. त्यांना “चांगले हॉटेल कोणते?” असे विचारू नये. परका माणूस पाहून ते काचेच्या दाराचे हॉटेल दाखवतील. “तुम्ही कुठे जेवता?” असे विचारावे. मग गल्लीतली खानावळ कळते. गोश्त खाणाऱ्याने मशिदीजवळच्या दुकानदाराकडे चौकशी केली तर हलालची खात्री होते.

वेळही सांभाळावी. खानावळीत माणसांच्या अंदाजाने स्वयंपाक होतो. दुपारी बारा ते दोन गरम भाकरी मिळते, नंतर उरलेले. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते, पण अन्न ताजे असते. रमजानात मुस्लिम हॉटेले दिवसा बहुधा बंद असतात, इफ्तारनंतर भरतात. श्रावणात पुष्कळ खानावळींत मांसाहारी स्वयंपाक होत नाही. हे ध्यानात घेऊनच फिरतीचा बेत आखावा.

आत गेल्यावर प्रथम पाण्याचा माठ आणि हात धुण्याची जागा पाहावी. २०११ पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे मिळणारा चौदा अंकी नंबर भिंतीवर आहे का, तेही पाहावे. बिलाची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जो हॉटेलवाला जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, त्याला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा लावून घेता येत नाही.

आता खबरीचे पाहू. हिंगोली आणि वसमतचा बाजार हळदीवर उभा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतकरी हळद काढतो, उकडतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि मग ती मोंढ्यात येते. लग्नसराईचे कापड बरेचसे त्याच पैशावर उठते. भाव वाढेल या आशेने शेतकऱ्याने हळद घरात ठेवली, तर कापड दुकानाचा गल्ला रिकामा राहतो आणि आपले पेमेंट महिनाभर पुढे जाते. दिवाळीच्या मालाचे तेच. काढणीच्या वेळी सोयाबीन पावसात भिजले की उधारी लांबते.

दुकानदार “पुढच्या महिन्यात देतो” म्हणतो, तेव्हा तो खरोखर अडला आहे की टाळतो आहे, हे त्याच्या गादीवर बसून कळत नाही. खानावळीत शेजारी बसलेला अडत्या हळदीची आवक आणि भाव बोलून जातो, त्यावरून अंदाज येतो. म्हणून आम्ही म्हणतो, आधी जेवावे, मग वसुलीला जावे. अडलेल्याला मुदत देता येते, टाळणाऱ्याचा पुढचा माल थांबवता येतो.

एक पथ्य मात्र पाळावे. चौकशी बाजाराची करावी, कुणा दुकानदाराचे नाव घेऊन करू नये. लहान गावात असा प्रश्न संध्याकाळपर्यंत पेठभर होतो. आपल्या तोंडून एखाद्याची पत गेली, तर ती कोणत्याही डिस्काउंटने भरून देता येत नाही.

आणि खानावळीचे बिल तिथल्या तिथे रोख द्यावे. आपण उधारी वसूल करायला आलो आहोत, हे गल्ल्यावरच्या माणसालाही ठाऊक असते.